आमचं ध्यान

काकूंना हसू फुटलं ते नको त्या वेळी. इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत, जिथे एरवी पार्किंगवरून रहिवाशांची भांडणं व्हायची, तिथे अकरा माणसं सतरंज्यांवर डोळे मिटून बसली होती. सगळीकडे शांतता. योग शिकवणाऱ्या ताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "आता आपण ध्यानाकडे वळू या. ध्यान आपल्या घरात यावं, राहावं, असं वाटत असेल तर..." आणि काकू फिस्सकन हसल्या. नुसत्या हसल्या नाहीत, तोंडावर रुमाल दाबून गदगदायला लागल्या.

ताई म्हणजे तिशीतली मुलगी. वयानं काकूंची लेक शोभली असती, पण वर्गात सत्तरीची माणसंसुद्धा तिला ताई म्हणायची, त्यामुळे काकूही म्हणायच्या. ताईंनी डोळे उघडले. "काय झालं काकू?"

"काही नाही हो. ध्यान आमच्या घरी एकेचाळीस वर्षं राहायला होतं. पावणेसहा फूट उंच, खिशाला पेन आणि बाहीला खळ!"

आता हे कळायला कुणाला वेळ लागतोय? सगळा वर्ग खो खो हसला. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ताईही हसल्या. काकू खूश झाल्या. माणसांना हसवलं की काकूंना चार घास जास्त जायचे, हा त्यांचा जन्माचा स्वभाव.

तर ध्यान म्हणजे काकूंचे यजमान. सहा वर्षांपूर्वी गेले. धंद्यानं बाईंडर, म्हणजे पुस्तकं बांधणारे. लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. सकाळी काकूंनी त्यांना दुधाला पाठवलं. दुकान कोपऱ्यावर. माणूस दीड तासानं परत आला, हातात किटली रिकामी आणि चेहऱ्यावर ही एवढी प्रसन्नता. काय, तर पलीकडच्या गल्लीत रस्ता करत होते आणि रोलर फिरत होता. "अगं, खडी कशी बसते ते बघितलंयस का कधी? आधी कुरकुरते, मग गप्प होते." घरात चहा खोळंबला होता, पाहुणे बसले होते आणि हा माणूस खडीचं सांगत होता. काकूंनी कपाळावर हात मारला. "काय ध्यान पदरात पडलंय!" पाहुणे हसले, यजमानही हसले, आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. मग काय, "आमचं ध्यान जेवलं का," "आमच्या ध्यानाला सांगू नका, विसरेल," असं सगळीकडे. शेजारीपाजारी, माहेरचे, मुलीच्या मैत्रिणी, सगळ्यांना ठाऊक.

आणि नाव उगाच नव्हतं पडलेलं, हेही सांगायला हवं. काकूंच्या भावाला गाडीवर पोचवायला गेले होते एकदा. ट्रंकेची दोरी सैल आहे म्हणून ती सोडून नीट बांधायला बसले डब्यात. भाऊ आपला खाली फलाटावर पान-पाणी बघतोय. गाडी सुटली. दोरी अशी बांधली गेली की पुढे वर्षभर सुटली नाही, पण भाऊ फलाटावर आणि यजमान गाडीत, पुढच्या स्टेशनापर्यंत! काकूंनी हा किस्सा किमान दोनशे वेळा सांगितला असेल. दर वेळी भावाच्या चेहऱ्याची नक्कल करून.

त्या दिवशी वर्गात हसणं ओसरल्यावर ताई म्हणाल्या, "काकूंनी गंमत केली, पण शब्द तोच आहे बरं का. योगाच्या आठ पायऱ्यांतली ही सातवी. मन एका जागी ठेवायचं, ही आधीची पायरी. ते तिथंच वाहत राहिलं, मध्ये तुटलं नाही, की झालं ध्यान. त्यासाठी डोळे मिटायलाच हवेत असंही नाही. हातातलं काम असेल, समोरचा घास असेल. आहे त्या जागी पुरतं असणं."

"म्हणजे भाजी निवडतानाही?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"निवडताना फक्त निवडतच असाल तर, हो. आणि अशा माणसाला संतोष वेगळा शोधावा लागत नाही. समोर आहे ते त्याला पुरतं."

काकूंचं हसू तिथंच जिरलं. घरी येताना लिफ्टनं यायचं सोडून त्या जिन्यानं तीन मजले चढून आल्या आणि वर आल्यावर लक्षात आलं, गुडघे दुखतायत.

आहे ते पुरतं. अगदी हेच. किती वर्षं काकू मागे लागल्या होत्या, दुकान मोठं घ्या, स्टेशनरी ठेवा, शाळांच्या वह्यांचं काम घ्या. यजमान नीट ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "अजून काय हवं आपल्याला?" टाळायला नव्हे. खरंच विचारायचे, वाट बघायचे उत्तराची. काकूंना ऐन वेळी काही सुचायचं नाही आणि त्याचाच राग यायचा. जेवताना हा माणूस बोलायचा नाही. "कशी झालीय भाजी?" विचारलं की आधी घास संपवणार, मग विचार करणार, मग म्हणणार, "मीठ नंतर आठवलं वाटतं तुला. वरवर लागतंय, आत नाही शिरलेलं." बरोबर असायचं ते. तेच तर काकूंना सोसायचं नाही! सामानाच्या पुड्याची सुतळी काकू सुरीनं कापायच्या. ते हातातून पुडा काढून घ्यायचे, खिडकीशी बसून गाठ सोडवायचे, सुतळी बोटांवर गुंडाळायचे. तेवढ्या वेळात काकूंची दोन कामं उरकायची आणि तिसऱ्यावरून त्या चिडायच्या.

संध्याकाळी सहाला यायचे. दारातल्या पायरीवर बसून एका बुटाची नाडी सोडायची, मग दुसऱ्याची. अंगाला खळीचा तो ओलसर वास. मुलगी धावत जायची आणि त्यांच्या बोटांवरची वाळलेली खळ सोलायची. ते हात पुढे धरून बसून राहायचे, पोरीचं होईपर्यंत. स्वयंपाकघरातून काकू ओरडायच्या, "आलं का ध्यान? हात धुवा आधी!" काकूंना आता त्या पायरीची, त्या वासाची इतकी आठवण आली की त्या गॅसपाशी उभ्या राहूनच रडल्या. दूध उतू गेलं ते वेगळंच.

पण खरं दुखणं त्या आठवणीत नव्हतंच. ते वर्गात शुक्रवारी उघडं पडलं. डोळे मिटले, श्वास आत, श्वास बाहेर, आणि कानात एकदम तीनशे माणसं हसली.

गावातलं मोठं वाचनालय शंभर वर्षांचं झालं, तेव्हा समारंभ ठेवला होता. ओल आणि वाळवीतून आठशे पुस्तकं ज्यानं सोडवून, शिवून, पुन्हा उभी केली त्या बाईंडरचा सत्कार होता. यजमानांना नवा शर्ट काकूंनीच घेतला. शाल पांघरली, टाळ्या झाल्या. काकूंनाही वर बोलावलं. प्रमुख पाहुणे गोड माणूस, त्यांनी माइकजवळच विचारलं, "आणि आपण?" काकू म्हणाल्या, "मी यांची पत्नी. आणि हे आमचं ध्यान!" माइक चालू होता. अख्खा हॉल खदखदला. पाहुणे हसले, वाचनालयाचे अध्यक्ष हसले, मागच्या बाकांवरून कुणी तरी टाळी वाजवली. काकूंना वाटलं, काय बहार आली! पुढचे दोन महिने त्या हे सांगत होत्या.

आणि आता अकरा वर्षांनी डोळे मिटल्यावर त्यांना प्रश्न पडला, तेव्हा ह्यांचा चेहरा कसा होता? आठवेना. आठवणार कसा? त्या हॉलकडे बघत होत्या. घरी येताना ते गप्प होते. पण ते नेहमीच गप्प असायचे, त्यावरून काय कळणार? आयुष्यात एकदा त्या माणसासाठी टाळ्या वाजल्या आणि त्या आपण आपल्या विनोदावर वळवून घेतल्या. ह्यांना लागलं असेल का? एवढंच काकूंना हवं होतं. हो की नाही. बाकी काही नको.

मंगळवारी पुन्हा तेच. श्वास आत, हॉल बाहेर. काकूंनी ताईंना बाजूला घेऊन सांगितलं, "एक जुनी गोष्ट येते हो सारखी."

"येऊ द्या. येते तशी जाते."

"येते ती येते. जायचं नावच घेत नाही, पाहुणीच झालीय!"

ताई म्हणाल्या, "मग तिला काय हवंय ते एकदा विचारून बघा." काकूंना वाटलं, बोलायला काय जातं हिचं.

रात्रीची वाट न बघता त्यांनी दुपारीच परगावी मुलीला फोन लावला. मुलगी ऑफिसात होती. "अगं आई, बाबांना वाईटबिईट काही वाटायचं नाही. बाबा होते ते!"

"बाबा होते म्हणजे? दगड होते?" काकू फाडकन म्हणाल्या.  मुलगी म्हणाली, "मला नाही माहीत गं. कटरकाकांना विचार. दिवसभर तर ते त्यांच्याजवळ असायचे."

कटरकाका म्हणजे दुकानातले भागीदार. यजमान शिवायचे आणि हे कापायचे. मोठ्या कटिंग मशिनवर सदा तेच, म्हणून मुलीनं लहानपणी ठेवलेलं नाव. आता ब्याऐंशीचे. दुकान पुतण्या बघतो, पण काका रोज दहाला येऊन खुर्चीत बसतात. यजमान गेल्यापासून काकू त्या गल्लीत फिरकल्या नव्हत्या. पाय धजायचा नाही. बुधवारी गेल्या.

दुकान होतं तसंच होतं. दाराशी पुठ्ठ्यांचे गठ्ठे, भिंतीला कापडाचे ताके, वर लटकणारे दोऱ्याचे बंडल. आत शिरताच खळीचा तो ओलसर वास आला. पुतण्या मशिनवर कागद कापत होता. एक विद्यार्थिनी आपला प्रबंध बांधून घ्यायला आली होती, पानं लावत बाकावर बसली होती. कटरकाका उठून उभे राहिले. "वहिनी! अहो, किती वर्षांनी! बसा, बसा."

काकू बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "भावजी, एक विचारायचं होतं."

"सांगितलाय, सांगितलाय. आत्ताच सांगितलाय चहा."

"चहा नव्हे हो! विचारायचं होतं!"

"हो हो, साखर कमी. लक्षात आहे."

काकांचे कान गेलेले, हे काकूंना कुणी सांगितलंच नव्हतं. यंत्र होतं, पण ते कानात घातलं की मशिनचा दणका सोसत नाही म्हणून शर्टाच्या खिशात. आता आली का पंचाईत? जी गोष्ट स्वतःशी म्हणताना जीभ अडखळते ती दुकानात ओरडून विचारायची. परत जावं असं आलं मनात. पण आजची रात्र पुन्हा त्या हॉलबरोबर काढायची काकूंची तयारी नव्हती. त्यांनी दम घेतला आणि मशिनच्या वर आवाज चढवला. "मी ह्यांना ध्यान म्हणायचे ना! त्याचं त्यांना वाईट वाटायचं का?"

मशिन नेमकं त्याच क्षणी थांबलं. 'वाईट वाटायचं का' हे सगळ्या दुकानानं ऐकलं. पुतण्यानं मान वळवली. विद्यार्थिनीनं पानं खाली ठेवली. काकूंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

 कटरकाकांनी खिशातून यंत्र काढलं, नीट कानात बसवलं आणि म्हणाले, "पुन्हा विचारा वहिनी."

काकूंनी पुन्हा विचारलं. या वेळी हळू.

"घरातल्याचं नाही वाटायचं," काका म्हणाले. "त्याचं कौतुक होतं त्याला. इथं येऊन सांगायचा, आज पुन्हा ध्यान झालो म्हणून. पण वाचनालयाच्या त्या समारंभाचं वाटलं होतं."

 हो की नाही एवढंच काकूंना हवं होतं ना? मिळालं. "काय म्हणाले होते?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी एक जाडजूड शब्दकोश शिवायला घेतला होता त्यानं. सुई ओवली आणि म्हणाला, काल तिनं माइकवर म्हणायला नको होतं. लागलं मला. मी म्हटलं, मग तिलाच सांग की. तर म्हणाला, तुला सांगितलं ना, आता झालं सांगून. आणि लागला शिवायला."

"मग?"

"मग काय! मला कुठं राहवतंय? मलाच राग आला होता तुमचा, खोटं कशाला बोलू. दुपारी चहाला बसलो तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस. माझ्याकडे असा बघायला लागला, मी कशाबद्दल बोलतोय तेच त्याला कळेना. मग आठवलं. म्हणाला, अरे, ते सकाळचं होतं."

"ते सकाळचं होतं," काकू म्हणाल्या.

"एवढंच. पुन्हा कधी नाही. त्या शब्दकोशाचा कणा मात्र काय बसला होता वहिनी!"

काकू रडायला लागल्या. लाज वाटली, दुःख झालं, आणि खोटं कशाला, हेवाही वाटला की ही गोष्ट मला नाही, भावजींना सांगितली. त्यानंतर पाच वर्षं तो माणूस जगला. पाच वर्षं संध्याकाळी सहाला आला, नाड्या सोडल्या, काकूंच्या हातचं जेवला, मीठ नंतर घातलंस म्हणाला. त्यात कुठेही तो हॉल नव्हता. त्यांना लागलं होतं, पुरतं लागलं होतं, आणि लागून झालं होतं. काकूंनी मात्र पाच दिवस त्याचं ओझं वाहून रक्तदाब वाढवून घेतला होता. ताई म्हणत होत्या ते आपल्याला डोळे मिटून जमत नाही आणि हा माणूस शर्टाला खळ लावून ते करत होता, माझ्या डोळ्यांसमोर. आणि मी त्याला हाक मारत होते बरोबर नावानं, पण कळत कुठं होतं?

मग काकू चिडल्या. रडताना चिडणं त्यांना चांगलं जमायचं. "पण मला का नाही सांगितलं? मी माफी नसती का मागितली?"

कटरकाकांनी त्यांच्याकडे बघितलं. "मागितली असती तुम्ही?"

चहा आला होता. काकूंनी कप हातात घेतला, प्याल्या नाहीत. विचार केला. यजमान करायचे तसा, पूर्ण. "नसती," त्या म्हणाल्या. "म्हटलं असतं, एवढं काय लागतं मेलं, गंमत केली. आणि तेसुद्धा शेजाऱ्यांना सांगत सुटले असते."

"तेच म्हणतो," काका म्हणाले. त्यांच्या बोलण्यात आता राग नव्हता. यंत्र काढून त्यांनी पुन्हा खिशात ठेवलं, कारण पुतण्यानं पुढचा गठ्ठा मशिनवर चढवायला घेतला होता.

काकू उठल्या. खिडकीशी यजमानांची बसायची जागा होती; बुटकं टेबल, शिवणीची लाकडी चौकट, बसायला पाट. चौकटीवर दुसऱ्या कुणाचं तरी अर्धं शिवलेलं पुस्तक होतं. काकूंनी पदर सावरला आणि गुडघ्यांना न जुमानता त्या समोर जमिनीवर बसल्या. विद्यार्थिनी बघत होती. बघू दे, काकूंना पहिल्यांदाच कोण बघतंय याची पर्वा नव्हती. त्यांनी डोळे मिटले. हॉल आला. हसणं आलं. काकूंनी या वेळी मान वळवली आणि शेजारी उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्याला लागलेलं स्पष्ट दिसत होतं. त्या बघत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "लोकांत नको होतं म्हणायला. चुकलं माझं."

"काय म्हणालात वहिनी?" मागून कटरकाका ओरडले. "ऐकू नाही आलं!"

"तुम्हाला नव्हतं म्हटलं भावजी," काकू डोळे न उघडता म्हणाल्या.

पुतण्या मशिन सुरू करायला गेला, तेव्हा कटरकाकांनी हात वर करून त्याला थांबवलं.